एकाच चिखलात दोन गट

मंडळी, खूप दिवसांनी लिहायला बसलोय. कारणं दोन आहेत. एक नातू आणि दुसरे बैल. आता या दोघांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही आधी तेच विचारलं असतं.

तर झालं असं की, २०२५च्या जूनमध्ये नातू पुण्याहून चार दिवस राहायला आला होता. फणस संपत आले होते, पाऊस मात्र नुकताच जोर धरत होता. शनिवार, १४ जूनची संध्याकाळ. साडेसात वाजता त्याने आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "आजोबा, आता उद्या संध्याकाळी साडेसातपर्यंत हा टीव्ही माझा."

मी म्हटलं, "अरे, चोवीस तास काय बघणार आहेस?"

"चोवीस तासांची शर्यतच आहे."

फ्रान्समध्ये ल माँ नावाचं गाव आहे. तिथे १९२३ सालापासून मोटारींची चोवीस तासांची शर्यत होते. साडेतेरा किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा रस्ता, त्यातला बराचसा भाग एरवी साध्या रहदारीचा. एका गाडीला तीन चालक. आळीपाळीने चालवायची, रात्रभर, पाऊस आला तरी. मला मोटारीतलं फारसं कळत नाही. एसटीच्या मागच्या सीटवर बसून आंबा घाट चढणं एवढाच माझा वेगाचा अनुभव. पण नातू घरी आला आहे तर त्याच्याजवळ बसावं, म्हणून खुर्ची ओढून बसलो.

थोड्या वेळाने सहज विचारलं, "पुढे कोण आहे?"

तो म्हणाला, "कुठल्या गटात?"

आणि इथे माझे कान टवकारले. कारण हा प्रश्न मी स्वतः आयुष्यात शेकडो वेळा लोकांना विचारलेला आहे. आमच्या भागातल्या नांगरणी स्पर्धेत, पोटरीभर चिखलात उभं राहून, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, "कुठल्या गटात नाव घालू? घाटी की गावठी?"

नातवाने समजावून सांगितलं ते असं. त्या रस्त्यावर ६२ गाड्या एकाच वेळी धावत होत्या, पण शर्यती तीन होत्या. सगळ्यात वेगवान त्या हायपरकार. त्यांच्यानंतर एलएमपी२ नावाच्या गाड्या. आणि तिसरा गट जीटी गाड्यांचा. जीटी म्हणजे दुकानात विकत मिळणाऱ्या (अर्थात आपल्याला न परवडणाऱ्या) पोर्शे, फेरारी, कॉर्व्हेट अशा गाड्यांचं शर्यतीचं रूप. हायपरकार एक फेरी साधारण साडेतीन मिनिटांत मारते, तर जीटीला चार मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटाचाच फरक, पण चोवीस तासांत तो वाढत वाढत तीस-चाळीस फेऱ्यांवर जातो. म्हणजे जीटीवाला कितीही उत्तम चालवला तरी पहिल्या नंबरात येणारच नाही. त्याला आरशात मागे बघत वेगवानांना वाट द्यायची आणि आपली शर्यत आपल्या बरोबरीच्यांशी खेळायची.

"मग त्यांना ठेवतात कशाला?" मी मुद्दामच विचारलं.

"आजोबा, असं काय विचारता! तेच तर बघायला मजा येते."

यावर मी काही बोललो नाही. कारण हाच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी मी एका वेगळ्या मैदानात विचारला होता, आणि तेव्हा मला उत्तर द्यायला कोणी नातू शेजारी नव्हता. ते पुढे सांगतो.

आधी आमची स्पर्धा. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लावणी आटपली की आषाढ-श्रावणात लांजा, राजापूर, संगमेश्वर भागात ठिकठिकाणी चिखलातल्या नांगरणी स्पर्धा होतात. पाण्याने भरलेला मळा, दोन टोकांना निशाणं. जोडीने नांगरासकट निशाणाला वळसा घालून परत यायचं. ज्याला कमी सेकंद लागले तो पहिला. काठी मारायची नाही, टोचायचं नाही. हाकणारा कधी पायावर असतो, कधी चिखलात आडवा होऊन नांगराला लोंबकळत असतो. बांधावर माणूस मावत नाही.

जोड्या दोन प्रकारच्या. घाटी म्हणजे घाटावरून आणलेले, खिलार जातीचे, उंच, पांढरे, लांब शिंगांचे. हे बैल सांगली-सोलापूरकडचे, धावण्यासाठीच प्रसिद्ध. आणि गावठी म्हणजे आपले इथले. ठेंगणे, तांबूस, काळे, कबरे, कसल्याही रंगाचे. दिसायला किरकोळ, पण धो धो पावसात, डोंगराच्या उतारावरच्या ओंजळीएवढ्या कोपऱ्यात वळतात ते हेच. याच कोकणातल्या गावठी गुरांना २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आमच्या गोठ्यातल्या गुरांना एवढं देखणं नाव आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. :)

तर या दोन गटांत वेगवेगळी बक्षिसं. ल माँला जसे तीन गट, तसे आमचे दोन.

आता पंधरा वर्षांपूर्वीचं सांगतो. २०१०चा पावसाळा. मी नुकताच निवृत्त झालेला, हातात वेळच वेळ, आणि अंगात शाळेतली शिस्त तशीच. जवळच्या एका वाडीतल्या स्पर्धेची वेळ घ्यायचं आणि नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे. मंडळापुढे खर्चाचा प्रश्न होता, दोन-दोन ढाली, दोन-दोन बक्षिसं कशाला? शिवाय दर वर्षीचं भांडण ठरलेलं. कोणी तरी घाटी रक्ताची बुटकी जोडी आणून गावठीत नाव घालायचा, आणि मग शिंगं बघा, वशिंड बघा, खूर बघा. त्या सभेत मी उठून मोठ्या तोंडाने सांगितलं, "मैदान एक, चिखल एक, घड्याळ एक. नियम सगळ्यांना सारखा असला की अन्याय कुठला? एकच खुला गट ठेवा."

गुरुजी बोलले म्हटल्यावर कोणी विरोध केला नाही. हेच त्यातलं वाईट.

माझा एक शाळूसोबती होता. म्हणजे आहे, देवाच्या दयेने अजून आहे. त्याची गावठी जोडी, तांबू आणि पवळ्या. गावठीत त्या जोडीने आधीची दोन वर्षं पहिलं बक्षीस नेलं होतं. त्या वर्षी खुल्या गटात त्याचा नंबर एका घाटी जोडीच्या मागोमाग लागला. त्याची जोडी चांगली धावली. माझ्या हातातलं घड्याळ सांगत होतं की तिने आपल्याच आधीच्या वेळेपेक्षा कमी वेळ घेतला. पण बांधावर घड्याळ कोणाला दिसतं? लोकांनी एवढंच बघितलं की मघाची जोडी वाऱ्यासारखी गेली आणि ही दुडकत आली. पोरांनी हुर्यो केली. कोणीतरी ओरडलं, "शेळ्या जुपल्यान काय रे?" सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही थोडा हसलो.

तो काही बोलला नाही. जू सोडलं, बैलांना ओढ्यावर धुतलं आणि घरी गेला. पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बैलही राहिले नाहीत. मुलांनी पॉवर टिलर घेतला. टिलर आला म्हणून बैल गेले, हे खरंच आहे. तो आज ना उद्या आलाच असता. पण वर्षातला एक दिवस तरी त्या जोडीसाठी काही कारण होतं, ते कारण मी काढून घेतलं. मंडळाने दोनच वर्षांत पुन्हा वेगळे गट केले. मात्र गेलेल्या जोड्या काही परत आल्या नाहीत. पूर्वी गावठी गटाच्या नोंदी माझ्या वहीत एका पानात मावत नसत. २०२४ साली अर्ध्या पानातच संपल्या.

आणि २०२५च्या मे महिन्यात, म्हणजे नातू यायच्या महिनाभर आधी, मंडळाची सभा झाली. देवळात. पुन्हा तोच विषय. यावेळी तरुण पोरं होती. एकजण म्हणाला, "गुर्जी, गावटी गट बंद करूया. बैलच येत नायत, तर बक्षिसा कुणाला देवाची?" पोरगा काही वाईट नाही. हिशेब त्याचा बरोबर होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी "विचार करून सांगतो" म्हटलं आणि घरी आलो. महिना झाला तरी सांगितलं नव्हतं.

ही पार्श्वभूमी डोक्यात घेऊन मी ती शर्यत बघत होतो. म्हणून नातवाला रात्री अकरा वाजता विचारलं, "तुमच्याकडे कधी गट बंद पडतो का रे?"

तो म्हणाला, "पडतो की. जीटीई पडला."

मग त्याने ती हकिगत सांगितली. जीटीत आधी जीटीई नावाच्या नियमांनी बांधलेल्या गाड्या असत, आणि त्यात दोन गट होते. 'प्रो'मध्ये कंपन्यांचे स्वतःचे संघ आणि पगारी चालक. 'ॲम'मध्ये हौशी माणसं असलेले संघ. २०१८ साली ल माँला प्रो गटात १७ गाड्या होत्या. पोर्शे, फेरारी, फोर्ड, कॉर्व्हेट, बीएमडब्ल्यू, ॲस्टन मार्टिन. पण त्या गाड्या बांधणं आणि चालवणं फार महाग होतं. एक-एक कंपनी उठून गेली. २०२१ साली जागतिक स्पर्धेच्या पूर्ण मोसमाला पोर्शे आणि फेरारी अशा दोनच कंपन्या उरल्या. २०२२ नंतर प्रो गट संपला. हौशी लोकांचा गट आणखी एक वर्ष चालला. २०२३ला, ल माँच्या शर्यतीला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, जीटीई तिथे शेवटची धावली. जिंकली ती कॉर्व्हेट, आणि तिच्या तिघा चालकांमधला एक होता बेन कीटिंग, टेक्ससमधला मोटारी विकणारा व्यापारी.

मला गंमत वाटली. बलाढ्य कंपन्यांचा गट आधी गेला आणि हौशी माणसांचा गट त्याच्यानंतरही टिकला! मी तर उलटं धरून चाललो होतो.

"मग आता हे जे पळताहेत ते?"

"हे जीटी३. २०२४पासून."

जीटी३ ही पद्धत युरोपात २००६ साली सुरू झाली. कंपनीने गाडी बांधायची आणि कोणाही संघाला विकायची. तीच गाडी जगभरच्या कितीतरी स्पर्धांत चालते, त्यामुळे खर्च निघतो. आणि गाड्या मुळात वेगवेगळ्या असल्या, कोणाचं इंजिन पुढे, कोणाचं मागे, तरी आयोजक वजन घालून आणि इंजिनाची ताकद कमी-जास्त करून त्यांना एका पातळीवर आणतात. जिंकत जाणाऱ्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला जादा वजनही ठेवतात.

मी म्हटलं, "म्हणजे हुशार मुलाच्या दप्तरात दगड!"

तो हसला. म्हणाला, "यावरून भांडणं पण होतात. काहीजण मुद्दाम हळू पळवतात, वजन कमी मिळावं म्हणून." हे ऐकून मला आमचे बुटके घाटी बैल आठवले. भांडण सगळीकडे सारखंच. गट आला की गट कोणाचा हा वाद आलाच. पंधरा वर्षांपूर्वी मला वाटलं होतं की भांडण नको म्हणून गटच मोडावा. ल माँवाले शंभर वर्षं भांडताहेत, दर काही वर्षांनी गटांची नावं आणि नियम बदलतात, पण गट मोडून सगळ्यांना एका रांगेत उभं करत नाहीत.

पण मला खरी झोप लागू दिली नाही ती पुढच्या गोष्टीने. तिथे चालकांनाही दर्जे आहेत. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. ब्राँझ म्हणजे ढोबळमानाने हौशी, पोटापाण्याचा धंदा वेगळा असलेला. या नव्या जीटी गटात नियम असा की प्रत्येक गाडीच्या तिघांत एक ब्राँझ चालक असलाच पाहिजे, आणि एक सिल्व्हरही. त्याला ठराविक वेळ गाडी चालवावीच लागते. नुसतं नाव घालून चालत नाही. म्हणजे तिसरा चालक जगातला कितीही नामांकित असो, त्याचं यश त्या हौशी माणसाच्या हातात. २०२५ला जीटीत जी पोर्शे जिंकली तिच्यातही रिखार्ड लिट्झ या कसलेल्या चालकाबरोबर एक हौशी अमेरिकन होताच.

पहाटे तीनच्या सुमारास पावसाने पत्रे वाजायला लागले तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. दुबळ्याला वेगळं ठेवलं तर तो वेगळाच राहतो, आणि हळूहळू कोणाला त्याची गरज वाटेनाशी होते. एकत्र घातलं तर चिरडला जातो, हे तर मीच करून बघितलेलं. पण बलवानाच्या गळ्यात त्याला बांधून दिलं तर? म्हणजे बलवानाला जिंकायचं असेल तर याला सांभाळावंच लागेल असं केलं तर?

रविवारी सकाळी मंडळाच्या त्या पोराला फोन केला. म्हटलं, "हे बघ, तीन गोष्टी करा. गावठी गट बंद करू नका. दोन्ही गटांचं पहिलं बक्षीस सारख्या रकमेचं ठेवा." (आतापर्यंत गावठीचं निम्म्याहून कमी असायचं. हेही कधी माझ्या डोळ्यांत खुपलं नव्हतं.) "आणि एक नवी ढाल ठेवा, वाडीची ढाल. एका वाडीची एक घाटी जोडी आणि एक गावठी जोडी, दोघांच्या वेळेची बेरीज. ज्या वाडीकडे गावठी नाही, तिला ढाल नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "गुर्जी, ह्या कुठना काढलात?"

"फ्रान्सवरना," मी म्हटलं. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.

असो. श्रावणात स्पर्धा झाली. लगेच क्रांती वगैरे झाली नाही, उगाच फुगवून सांगत नाही. ढालीसाठी चार वाड्या उतरल्या. पण ज्यांच्याकडे फक्त घाटी बैल होते ते लोक आदल्या महिन्यापासून गावोगाव गावठी जोडी शोधत फिरत होते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. एका वाडीने एका म्हाताऱ्या बाईंच्या गोठ्यातली जोडी हातापाया पडून आणली. त्या बाई स्वतः बांधावर येऊन बसल्या होत्या. ढाल मात्र वेगळ्याच वाडीला गेली. तिची घाटी जोडी दुसरी आली होती, पण गावठीने सेकंद भरून काढले. वळणावर गावठी बैल कसा फिरतो ते घड्याळात दिसलं, आणि बेरीज फळ्यावर लिहिलेली असल्यामुळे या वेळी बांधावरच्या लोकांनाही दिसलं.

माझा शाळूसोबती आला होता. त्याच्याकडे बैल नाहीत, नुसता बघायला. ढाल दिल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. मी म्हटलं, "त्या वर्षी माझं चुकलं रे." पंधरा वर्षांनी एवढं वाक्य तोंडातून निघालं. तो थोडा वेळ मळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तवा ह्या सुचाला व्हता." आणि तंबाखूची चंची पुढे केली. मी तंबाखू खात नाही हे त्याला साठ वर्षं माहीत आहे.

आता पुढे काय? जीटीचं भवितव्य नातू सांगतो ते असं की, धोका वरून आहे. हायपरकारच्या गटात कंपन्यांची ये-जा आहे. पोर्शेने २०२५नंतर जागतिक स्पर्धेतला आपला संघ काढून घेतला, पण २०२६साठी कोरियाची जेनेसिस आणि २०२७साठी फोर्ड आणि मॅक्लारेन ठरलेले आहेत. ल माँच्या रस्त्यावर जागा साधारण साठच. वरचा गट फुगला की जागा खालच्यांचीच जाते. एलएमपी२ला २०२४पासून जागतिक स्पर्धेच्या बाकी शर्यतींतून बाहेर काढलंच, ल माँपुरतंच ठेवलं. तरी जीटी टिकेल असं त्याचं म्हणणं. कारण ती गाडी विकत घेणारी माणसं आहेत, आणि नियमानेच तिच्यात हौशी माणसाला बसावं लागतं. गट टिकतो तो कागदावरच्या नियमाने नव्हे, त्यात उतरणारे असतील तर. नियमाचं काम एवढंच की त्यांना उतरायला कारण द्यायचं.

आमचं सांगायचं तर, बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने ती कायम केली. कायद्याचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. पण गावठी बैलाला कुठल्याच न्यायालयाने बंदी घातलेली नव्हती, तरी तो कमी होतच गेला. त्याला वाचवायला निकाल पुरत नाही. कोणाला तरी त्याची गरज वाटायला हवी.

२०२५च्या नोंदीत गावठी गटाने पाऊण पान घेतलं. अर्ध्याचं पाऊण. पुढच्या स्पर्धेची वही आताच आणून ठेवली आहे आणि गावठीसाठी दोन पानं मोकळी सोडली आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या गावी, माहेरी, सासरी गावठी जोडी असेल तर मला अवश्य कळवा. वाड्यांकडून मागणी आहे!

नातवाला सांगून ठेवलंय, पुढच्या जूनला ये, फणस राखून ठेवतो. टीव्ही चोवीस तास तुझा. फक्त यंदा खुर्ची मी आधीच लावून ठेवणार.